वाचताना येतंय, पेपरात जातंय

"मॅडम, वाचताना सगळं येतंय की. पेपर पुढ्यात आला की काहीच आठवंना झालंय."

बोर्डाची परीक्षा संपून सीईटी तोंडावर आली की हे वाक्य मी आठवड्यातून चार-पाचदा ऐकते. त्यात केमिस्ट्रीचं नाव सगळ्यांत जास्त वेळा येतं. फिजिक्स जमत नाही हे मुलांना आधीच माहीत असतं. केमिस्ट्री येते असं वाटत असतं, म्हणून ती ऐनवेळी दगा देते तेव्हा जास्त लागतं.

त्यांतलीच ही एक मुलगी, सोलापूरच्या पूर्व भागातली. वडील यंत्रमागावर, आई घरी बिड्या वळून कारखान्यात देते. घरात तेलुगू, शाळा मराठी, अकरावीपासून सायन्स इंग्रजीत. तिला फार्मसीला जायचं होतं. सराव पेपरात केमिस्ट्रीच्या 50 पैकी 24 आले होते आणि "माझी मेमरीच वीक आहे" असा निकाल तिनं स्वतःच लावून टाकला होता.

पुस्तक आणायला सांगितलं होतं. प्रत्येक पानावर तीन रंगांचे हायलायटर, प्रत्येक धडा चार वेळा वाचलेला. मी पुस्तक मिटलं आणि कोरा कागद पुढे केला. "सोल्युशन्सचा धडा. दहा मिनिटं. आठवेल ते लिही."

पाच ओळी झाल्या आणि पेन थांबलं. "पण मॅडम, हे मला येतंय!"

"गड्ड्याच्या जत्रेत एखादा चेहरा ओळखीचा वाटतो, पण नाव काय ते सांगता येत नाही. तसं झालंय हे. तुझी चेहऱ्याशी ओळख आहे, नाव अजून विचारलेलंच नाहीस."

स्मरणशक्ती कमी आहे म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांची ती ठणठणीत असते. तिला डोक्यातून बाहेर काढायची सवय लावलेली नसते, एवढंच. रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली हे छान दाखवलं. पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे गेले. त्या पाच मिनिटांच्या यशावरच मुलं फसतात. रात्री वाचलं, लगेच आठवलं, झालं असं वाटतं.

हे सगळं तिला पटलं, पण हललं काही नाही. दुसऱ्या भेटीला तिनं तोच पेपर पुन्हा सोडवून आणला आणि उत्तरंही पाठ करून आली.

तिसऱ्या भेटीला आई सोबत होती. मी चुकलेले 26 प्रश्न एकेक करून विचारत होते. आई बराच वेळ गप्प बसून बघत होती. मग म्हणाली, "चुकलेलं बाजूला काढून बघतच नाही होय ही? आमच्या कारखान्यात रोज बघतात की. तपासणारा आमच्या पुढ्यातच खराब बिड्या बाजूला काढतो. एकीत तंबाखू कमी, एकीचं तोंड नीट दुमडलेलं नाही, एकीचं पान फाटकं. दुसऱ्या दिवशी हात तिथं जपून चालतोय."

जे मी दोन भेटी समजावत होते ते या बाईंनी चार-पाच वाक्यांत सांगितलं. मुलीनं मान वर केली. 26 चुका म्हणजे 26 वेळा आपण ढ, असं ती धरून चालली होती. खराब बिड्यांचे प्रकार असतात, तसे चुकांचेही असतात हे तिला आईच्या तोंडून कळलं. आम्ही तिथंच कागदावर रकाने पाडले. खरंच येत नव्हते असे निघाले फक्त 7. युनिट किंवा आकडेमोडीत गेलेले 8, प्रश्न नीट न वाचल्यामुळे 6, आणि बरोबर उत्तर खोडून दुसरं निवडलेले 5. वीक मेमरीच्या खात्यात सातच पडले.

युनिटचा नमुना बघा. क्रिया आपोआप होते का हे डेल्टा जी वरून कळतं: डेल्टा एच (उष्णतेतला बदल) वजा तापमान गुणिले डेल्टा एस (एन्ट्रॉपीतला बदल); उत्तर उणे आलं तर होते. डेल्टा एच उणे 40 किलोज्यूल, डेल्टा एस उणे 100 ज्यूल प्रति केल्विन, तापमान 300 केल्विन. तिनं 300 गुणिले 100 करून 30000 थेट 40 शी जुळवले, उत्तर अधिक 29960, म्हणून क्रिया आपोआप होणार नाही. 30000 ज्यूल म्हणजे 30 किलोज्यूल, डेल्टा जी उणे 10, क्रिया आपोआप होते. फॉर्म्युला पाठ होता, एक भागाकार राहिला. आर ची, म्हणजे वायूच्या स्थिरांकाची, किंमतही अशीच फसवते: ऊर्जा ज्यूलमध्ये असेल तर 8.314, दाब ॲटमॉस्फिअरमध्ये आणि आकारमान लिटरमध्ये असेल तर 0.0821. आकडे भरण्याआधी त्यांच्या शेजारी युनिट लिहायचं, हा आमचा पहिला नियम.

वाचण्यातली चूक आणखी बारीक. ग्लुकोज, युरिया, मीठ आणि पोटॅशियम सल्फेट यांची सारख्याच मोलॅलिटीची (तीव्रतेची) पाण्यातली द्रावणं, सर्वांत कमी गोठणबिंदू कोणाचा? पोटॅशियम सल्फेटचा, कारण त्याचे तीन आयन होतात, आणि कण जितके जास्त तितका गोठणबिंदू खाली. "सर्वांत जास्त गोठणबिंदू" असं विचारलं तरी ती तेच उत्तर द्यायची. प्रश्नातल्या "कमी", "जास्त", "नाही" या शब्दांखाली कच्च्या कागदावर रेघ मारायला लावली.

कॅल्क्युलेटर नसतो, म्हणून आकडेमोड टाळता येते का ते आधी बघायचं. पहिल्या ऑर्डरची क्रिया 60 मिनिटांत 75 टक्के झाली, तर दोन हाफ लाइफ (उरलेलं निम्मं व्हायला लागणारा वेळ) झाल्या, एक 30 मिनिटांची. लॉगची गरजच नाही. ऑरगॅनिकमध्ये नावांची माळ जपण्यापेक्षा एक प्रश्न विचारायचा: अल्फा हायड्रोजन, म्हणजे अल्डिहाइड गटाच्या शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन, आहे का? ॲसिटाल्डिहाइडला आहे, अल्डॉल क्रिया. बेंझाल्डिहाइडला नाही, कॅनिझारो क्रिया.

वेळापत्रक मी करून देत नाही, काही पालक त्यावर नाराज होतात, होऊ देत. एवढंच ठरलं: धडा एकदा वाचायचा, पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर उतरवायचा, राहिलेलं लाल पेननं भरायचं, आणि तिसऱ्या व आठव्या दिवशी पुन्हा कोरा कागद. केमिस्ट्रीच्या 50 पैकी साधारण 40 प्रश्न बारावीचे असतात, म्हणून अकरावीत जीव अडकवायचा नाही. फिजिक्स आणि केमिस्ट्रीला मिळून 90 मिनिटं, त्यांतली केमिस्ट्रीला 35 ते 40. पहिल्या फेरीत थिअरी, गणितं दुसऱ्या फेरीत. निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. आणि पहिलं निवडलेलं उत्तर खोडायचं ते कारण सांगता आलं तरच.

मैत्रिणीच्या मार्कांशी तुलनाही बंद केली. पेपर वेगवेगळ्या सत्रांत होतो आणि निकाल पर्सेंटाईलमध्ये लागतो, म्हणजे आपल्याच सत्रातली किती टक्के मुलं आपल्याइतक्या किंवा कमी मार्कांवर आहेत ते बघून. दुसऱ्या सत्रातल्या मैत्रिणीच्या मार्कांवरून आपलं काही ठरत नाही.

शेवटच्या भेटीला ती भर उन्हात स्कार्फ गुंडाळून आली. नव्या सराव पेपरात 36 होते. डी ब्लॉकच्या धातूंच्या आयनांचे रंग अजून चुकत होते. "रंग पाठ करू नकोस," म्हटलं, "डी मध्ये एकटा इलेक्ट्रॉन आहे का ते बघ. स्कँडियम तीन अधिकमध्ये डी रिकामा, झिंक दोन अधिकमध्ये भरलेला, दोन्ही बिनरंगी." तिनं ते वहीत उतरवलं, पण पुस्तक मिटल्यावर.

आई दाराशी चप्पल घालत तेलुगूत काहीतरी बोलली. मुलगी हसली. "विचारालीय, आज किती निघाल्या खराब."

"मग सांग की."

"चौदा."

आईनं हात पुढे केला. तिला तो कागद बघायचा होता.