.२२ रायफलीचा सप्रेसर (नळीच्या टोकाला बसवायचं, आवाज कमी करणारं नळकांडं) व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून साफ करावा का? (मी टेक्सासला राहतो, सप्रेसर रीतसर नोंदणीचा आहे.)

नका बुडवू. शिसं त्याने झटपट निघतं हे खरं, पण ते जातं कुठे? त्याच द्रावणात लेड अ‍ॅसिटेट होऊन बसतं, आणि विरघळलेलं शिसं शरीरात सहज शिरतं. ते बेसिनमध्ये ओतता येत नाही, घातक कचरा म्हणूनच द्यावं लागतं. बॅफल (सप्रेसरच्या आतले पडदे) अ‍ॅल्युमिनियमचे असतील तर हे मिश्रण धातूही खातं. हे साधं रसायनशास्त्र आहे. शिवाय उत्पादकाचं माहितीपत्रक वाचा, कुठला धातू आहे ते तिथेच कळेल.

.२२ च्या गोळ्या बहुधा उघड्या शिशाच्या, म्हणून थर साचतो. थर दगडासारखा व्हायच्या आत, दर काहीशे फैरींनी सप्रेसर खोला. रायफल रिकामी असल्याची खात्री करा, सप्रेसर थंड होऊ द्या, नायट्राइलचे हातमोजे घाला. बॅफल बंदूक साफ करायच्या सॉल्व्हंटमध्ये (द्रावकात) भिजवून ओले असतानाच नायलॉनच्या ब्रशने घासा. कोरडे खरवडलेत तर शिशाची धूळ नाकात जाते. स्वयंपाकघरात तर हे काम अजिबात नको. जोडताना बॅफलचा क्रम आणि दिशा तंतोतंत हवी, नाहीतर गोळी आतच आदळते.

हे फक्त सुट्या होणाऱ्या सप्रेसरसाठी. मोठ्या रायफलींचे वेल्ड केलेले सप्रेसर सहसा साफ करावेच लागत नाहीत, ते कापून उघडायच्या भानगडीत पडू नका. आणि हो, भारतात येताना तो बॅगेत नको: १९५९ च्या शस्त्र कायद्यात सप्रेसरही बंदुकीच्या व्याख्येतच येतो.