बोट आणि चेहरा एकत्र लावण्याआधी

बोटाचा ठसा आणि चेहरा ओळखणारी दोन बायोमेट्रिक यंत्रं बसवली की सुरक्षा आपोआप दुप्पट होते, हा समज आधी डोक्यातून काढा. खरा प्रश्न दोघांची उत्तरं जोडायची कशी, हा आहे. समजा, बोटाचं यंत्र खऱ्या माणसाला शंभरात तीनदा नाकारतं आणि चेहऱ्याचं दोनदा. 'दोन्ही जुळलेच पाहिजेत' असा नियम केलात तर जवळपास पाच वेळा आपलाच माणूस दाराबाहेर अडकतो. 'कुठलंही एक चालेल' म्हणालात तर रांग पटापट सरकते, पण परक्याला आत शिरायला दोन वाटा मिळतात. म्हणून मुख्य गेटला 'कुठलंही एक', सर्व्हर रूमला 'दोन्ही'. जमलं तर दोन्ही यंत्रांनी दिलेले जुळणीचे गुण एकत्र करून निर्णय देणारी प्रणालीच घ्या. मला तीच जास्त भरवशाची वाटते.

आधारच्या नोंदणीत दहा बोटं, दोन्ही बुबुळं आणि चेहरा घेतात, ते उगाच नाही. सिमेंट कालवणाऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात. सेन्सरवर नुसता पुसट डाग उमटतो. अशांकडे अंगठ्याचाच हट्ट धरू नका. दहाही बोटं तपासून जी दोन सर्वांत स्पष्ट येतात ती नोंदवा. यंत्रापायी कुणाची हजेरी बुडून मजुरी जाणं मला अजिबात पटत नाही.

कॅमेऱ्यासमोर मोबाइलवरचा फोटो धरून बघा. दार उघडलं तर ते यंत्र परत करा. ठशांच्या प्रतिमा साठवू नका, फक्त एन्क्रिप्ट केलेले, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारे, टेम्प्लेट (ठशातून काढलेली खुणांची नोंद) ठेवा. आणि वीज गेल्यावर दार उघडं राहतं की बंद, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. आग लागली तर आतून बाहेर पडायला ठसा लागता कामा नये.