गळ्याले पुसा, मंग पेटी उघडा

गेल्या अंकात आपण लिहिलं होतं की भजन मंडळातले, दंडारीतले, नाटकातले, नाहीतर नुसते घरी बसून वाजवणारे, कोणीही हौशी असा, गाण्या-वाजवण्याची अडचण असेल तर लिहून पाठवा. पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मिळून चांगलाच ढीग जमला. त्यातले पाच प्रश्न घेतले आहेत. नाव छापू नका असं बऱ्याच जणींनी सांगितलं, म्हणून सगळ्यांचाच फक्त तालुका दिला.

प्रश्न : आमचं बायांचं भजन मंडळ हाय, दर गुरवारी बसतो. पेटीवाले भाऊ गावातलेच, पुरुषांच्या मंडळातही तेच वाजवतात. ते काळी १ (पेटीची पहिली काळी पट्टी) सोडून दुसरीकडे हातच नेत नाहीत. खालच्या सुरात म्हणावं तं आवाज घशातच राह्यते, वरच्यात म्हणावं तं अंतऱ्याले किंचाळल्यासारखं होते. भाऊ म्हणतात बायांच्या आवाजात दमच नसते. खरंच आमचा आवाज कच्चा हाय का? (दिग्रस, जि. यवतमाळ)

उत्तर : नाही हो ताई, अजिबात नाही, आणि हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही सांगून राहिलो. पुरुषाचा गळा आणि बाईचा गळा वेगवेगळ्या उंचीवर बसलेला असते. काळी १, काळी २ हे बहुतेक पुरुषांचे सूर, बायांचा साधारण काळी ४ नाहीतर काळी ५. भाऊंनी काळी १ धरली की तुमच्यापुढं दोनच रस्ते राहतात, एकतर त्यांच्याच सप्तकात खाली उतरा नाहीतर पूर्ण एक सप्तक वर चढा, मधला रस्ताच नाही, मग गळा कितीही तयार असो तो अडकणारच.

पेटी पुढं घेऊन हिशेब करून पाहा. भजनाचा अंतरा पुष्कळदा तार सप्तकातल्या गंधारापर्यंत, म्हणजे वरच्या ग पर्यंत जाते. सा काळी ५ वर धरला तर हा तार गंधार येते पांढरी २ वर. काळी १ धरून वर गायलं तर तोच गंधार जाते पांढरी ४ वर, म्हणजे तीन पट्ट्या वर. वाजवणाऱ्याला तीन पट्ट्यांचं काही वाटत नाही, त्याचं बोट जरासंच सरकते, पण गाणारीचा गळा तिथंच फाटते. म्हणून माझं सरळ म्हणणं आहे की सूर गळ्यावरून ठरवायचा, पेटीवाल्याच्या बोटाच्या सवयीवरून नाही.

तुमचा सूर काढायची पद्धत सांगतो. पेटी बंद ठेवा. नेहमीचं एक भजन घ्या आणि त्यातली सगळ्यात उंच ओळ आधी म्हणा, जोर न लावता, घरी काम करता करता म्हणतो तशी, आणि सगळ्या जणी मिळून म्हणा. मग भाऊंना ती ओळ कोणत्या पट्टीवर येऊन राहिली ते शोधायला सांगा आणि तिथून मागं मोजत सा काढा. मंडळातल्या सगळ्यात बुलंद आवाजाच्या बाईवरून सूर ठरवू नका, ती कुठंही गाऊन घेते, ज्या मागं बसून हळू म्हणतात त्यांना जमला पाहिजे. दोन-तीन गुरुवार करून पाहा, आकडा एकाच जागी येऊन थांबेल.

आता भाऊंचा प्रश्न. त्यांची पेटी स्केल चेंजरची असेल तर काहीच अडचण नाही, खटका सोडून पट्ट्यांची पाटी सरकवली की बोटं काळी १ चीच राहतात आणि सूर मात्र काळी ५ चा निघते. साधी पेटी असेल तर त्यांना नवीन बोटं बसवावी लागतील, त्यासाठी एकदम सगळी भजनं मागू नका, एक सोपं भजन द्या, ते बसलं की दुसरं. आणि हे सगळं चारचौघांत बोलू नका, घरी बोलवा, चहा पाजा, मग सांगा. गावात पेटी वाजवणारा माणूस सहज भेटत नाही, त्याला दुखवून चालत नाही.

तबल्याचंही आत्ताच सांगून ठेवतो, कारण पेटी बदलली की तबलेवाला अडून बसते. गावातला तबला बहुधा काळी १ चा, साडेपाच इंची तोंडाचा असते. काळी ५ च्या सा ला लावायचा तर सहा इंचाच्या वरचा, मोठ्या तोंडाचा तबला लागते आणि तो लगेच कोणी घेणार नाही. मग तुमचाच तबला काळी २ वर चढवा, तो काळी ५ चा मध्यम (म) आहे, बहुतेक भजनांत चालून जाते. पंचम (प) पाहिजे म्हणून पांढरी ४ पर्यंत ठोकत नेऊ नका, पुडी (तबल्याचं कातडं) फाटते.

प्रश्न : आमची लय पयते. विठ्ठलाच्या देवळात बसलो तरी पयते आन प्रगटदिनाले शेगावले पायी दिंडी घेऊन निघालो तं पार गोंधळच होते, पुढचे एक म्हणतात, मागचे एक. पखवाजवाला टाळकऱ्यायले बोलते, टाळकरी पखवाजवाल्याले. चूक कोनाची? (खामगाव, जि. बुलढाणा)

उत्तर : चूक शोधायच्या आधी एक काम करा, मोबाईल मधात ठेवून अख्खं भजन रेकॉर्ड करा. मग घड्याळ लावून पहिल्या १५ सेकंदात किती मात्रा झाल्या ते मोजा, चारनं गुणा, शेवटच्या १५ सेकंदांचंही तसंच करा. समजा सुरुवात मिनिटाला ८० मात्रांची होती आणि शेवट ११० वर गेला, तर ते सगळ्यांना कानानं ऐकवा. भजनात लय वाढवतच नेतात आणि वाढवायलाच पाहिजे, गजर रंगते तो तिथंच, पण म्होरक्यानं वाढवणं वेगळं आणि आपोआप पळणं वेगळं.

पळते कुठं तेही त्या रेकॉर्डिंगमध्ये सापडेल. केरव्यात धा गे ना ती न क धी न अशा आठ मात्रा. ओळीचे शब्द पुष्कळदा सहाव्या मात्रेवरच संपतात आणि धी न रिकामे राहतात. तिथं सगळ्यांना पुढची ओळ उचलायची घाई असते, म्हणून त्या दोन मात्रा दर आवर्तनाला थोड्या थोड्या खाल्ल्या जातात. उपाय एकच, त्या दोन मात्रा तोंडातल्या तोंडात म्हणायच्या, सगळ्यांनी, टाळकऱ्यांनी तर नक्कीच. पंधरा दिवसांत फरक कळते. सिनेमाच्या चालीवर भजन बसवलं असेल तर ते जास्त पळते असं माझं निरीक्षण आहे, कारण डोक्यात मूळ गाण्याचा वेग बसलेला असते आणि गळा त्याच्या मागं धावते. चाल घ्यायला माझी ना नाही, पण त्या चालीवर अभंगाचे शब्द स्पष्ट म्हणता येतील एवढीच लय ठेवा.

दिंडीतल्या गोंधळात मात्र कोणाचीच चूक नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जाते. दिंडी ३४ मीटर लांब असली तर पुढच्याचा आवाज मागच्याला सेकंदाच्या दहाव्या भागानं उशिरा पोचते. १२० च्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे मागचा माणूस अगदी बरोबर ऐकून वाजवत असला तरी मात्रेचा पाचवा हिस्सा मागं पडते. तो मागं पडला की पुढच्याला वाटते लय पडून राहिली, मग तो अजून ओढते. म्हणून पखवाज आणि मुख्य गाणारा दिंडीच्या मधोमध चालवा, दोन्ही बाजूंचं अंतर निम्मं होऊन जाते, आणि लांबच्या टाळकऱ्यांनी कानावर न जाता मधल्या माणसाच्या टाळाकडं पाहून वाजवायचं, डोळ्याला उशीर होत नाही. भोंगा लावलेली गाडी फार पुढं पाठवत असाल तर तेही बंद करा.

प्रश्न : वय २३. यूट्यूबवर पाहून कीबोर्ड सिकलो, गाणी नोटेशनवरून पूर्ण वाजवतो. आमच्या इकडं मंडईपासून (दिवाळीनंतरच्या जत्रेपासून) नाटकं सुरू होतात, मले एखाद्या नाटकात वाजवाचं हाय. अजून काय सिकू? (अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया)

उत्तर : तुझं पत्र वाचून मनापासून आनंद झाला. झाडीपट्टीची रंगभूमी म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीची शान आहे. धान कापून झालं, दिवाळी झाली, मंडई भरली की गावोगाव मांडव पडतात ते होळीपर्यंत, दिवसा शंकरपट (बैलांच्या शर्यती), रात्री नाटक, आणि वडसा म्हणजे या सगळ्या कंपन्यांचं ठाणंच. २०२३ मध्ये याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. तिथं संगीत जिवंत वाजते, समोर माणसं बसून वाजवतात, तुझ्यासारख्या पोरांची तिथं गरज आहे.

नोटेशनवरून वाजवतो म्हणतो ते चांगलं आहे, पण नाटकात नोटेशनचा कागद पाहायला वेळच भेटत नाही. नट संवाद म्हणता म्हणता एकदम गाण्यात शिरते आणि ज्या सुरात त्याचा आवाज असेल त्याच सुरात उचलते. तुला पहिल्या दोन-तीन शब्दांत त्याचा सा पकडता आला पाहिजे. म्हणून आता रियाज असा कर : मित्राला सांग, कधीही, जेवताना, बांधावर बसलेले असताना, कोणतंही गाणं मध्येच सुरू कर, आणि तू मोबाईलवरच्या पियानो अ‍ॅपवर त्याचा सा शोध. पहिल्या दिवशी चाचपडशील, रोज केलं तर बोट आपोआप तिथं पडायला लागते. हे जमलं नाही तर बाकीचं किती शिकलं तरी नाटकात उभा राहणार नाहीस.

दुसरं, नाटक रात्री उशिरा चढते आणि पहाटेला सुटते. रात्री अकराला काळी २ वर खणखणीत गाणारा माणूस पहाटे चारला तिथं पोचत नाही, थंडीनं आणि बोलून बोलून गळा बसते. तो सांगायच्या आधीच ट्रान्सपोजचं (सगळा सूर वर-खाली करायचं) बटण एक पायरी खाली आलेलं पाहिजे, प्रेक्षकांना कळतही नाही आणि नटाची इज्जत राहते. असा वाजवणारा नटमंडळी लक्षात ठेवतात. आणि साधी गोष्ट, उघड्यावर दंव पडते, म्हणून पट्ट्यांवर टाकायला जाड कापड जवळ ठेव, आणि लाइटचा भरवसा नसते, म्हणून सेलवर चालणारा कीबोर्ड असेल तर सेल भरून ठेव. आधी आपल्याच गावच्या मंडळाच्या तालमीला जाऊन बस, वाजवायला नाही दिलं तरी बस.

प्रश्न : राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनाले आम्ही खंजिरीच वाजवतो. पावसाळ्यात पान ढिलं पडते, थापीचा आवाज मेल्यासारखा येते. एक जण म्हणे घोरपडीचं कातडं लाव, कधीच ढिलं पडत नाही. करावं का? (तिवसा, जि. अमरावती)

उत्तर : नाही, बिलकुल नाही. घोरपडीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं पहिल्या अनुसूचीत ठेवलं आहे, तिला मारणं, तिचं कातडं विकणं-घेणं सगळाच गुन्हा आहे, थेट जेल होते. आणि कधीच ढिलं पडत नाही हेही खोटं आहे. दक्षिणेत कंजिरा वाजवतात, त्याला परंपरेनं घोरपडीचंच कातडं असायचं, आणि ते लोक तर मुद्दाम आतून पाणी लावून ते ढिलं करायचे, खर्ज निघावा म्हणून. ओल लागली की कोणतंही कातडं सैल होणारच.

तुम्ही तर गुरुकुंज मोझरीच्या अंगणातले. महाराजांनी खंजिरीवर गावंच्या गावं जागी केली, एका हातात मावणारं वाद्य, कोणाकडं मागायला नको. तिला बकरीचं पातळ पान पुरते. पावसाळ्यात भजनाच्या आधी निखाऱ्यापासून हातभर लांब धरून फिरवत फिरवत शेका, एका जागी धरली तर पान तडकते. थापीला टणटण बोलायला लागली की थांबा. वाजवताना पुन्हा उतरेल, म्हणून दोन खंजिऱ्या ठेवा, एक हातात, एक शेकायला. श्रावण-भादव्यापुरती फायबरच्या पानाची घेतली तरी चालते, आवाज थोडा कोरडा येते पण लय सुटत नाही. फडक्यात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा, भिंतीला टांगू नका.

प्रश्न : जुनी पेटी विकत भेटून राहिली. घ्यावी का, आणि पाहावं काय? (हिंगणघाट, जि. वर्धा)

उत्तर : दिवसा उजेडात पाहायला जा आणि मंडळात जो गाते त्याला सोबत न्या, नुसत्या वाजवणाऱ्यानं पेटी घेऊ नये. पहिले भाता भरून एकही पट्टी न दाबता सोडा. हवा हळूहळू उतरली तर ठीक, फस्सकन बसला तर भात्याला भोक आहे. पट्टी न दाबता कुठूनही बारीक सूर वाजत असेल तर आतल्या पट्टीची गादी उंदरानं नाहीतर कसरीनं खाल्ली आहे, ती बदलता येते, भाव कमी करून घ्या. मग एकेक पट्टी हळू दाबा आणि तिन्ही सप्तकांचा तोच सूर एकामागून एक ऐका, म्हणजे कोणता सूर उतरला ते कळते.

एखादा सूर मुकाच असेल तर घाबरू नका. आपल्या कापसाच्या भागात हे फार होते. वरची फळी काढली की पितळेची सुरी (सूर काढणारी रीड) दिसते, तिच्या जिभेखाली कापसाचा तूस नाहीतर धुळीचा कण अडकलेला असते. पोस्टकार्डासारखा पातळ कागद जिभेखाली अलगद सरकवून काढला की सूर लगेच बोलते. सुई, पिन, ब्लेड लावू नका, जिभेवर ओरखडा पडला की सूर कायमचा बदलते. गाणाऱ्यानं त्याच्या नेहमीच्या सुरात एक पूर्ण भजन तिथंच म्हणून पाहावं, आणि त्याला आवाज चढवावा लागला नाही तरच पैसे द्या.