वाचकांचे प्रश्न : २५ जूनच्या फलकावर काय लिहावे?

प्रश्न : शाळेच्या फलकावर आम्ही रोज ‘खेळातला आजचा दिवस’ लिहितो. २५ जूनला भारताची पहिली कसोटी आणि १९८३ची विश्वचषक फायनल, दोन्ही लॉर्ड्सवरच. पण कसोटी काही एका दिवसात संपत नाही. मग तिची तारीख कुठली धरायची? मुलं फुटबॉलवेडी आहेत, त्यांच्यासाठीही काही सुचवा.
– एक शिक्षिका, डिचोली

उत्तर : तारखेपुढे क्रियापद लिहा, निम्मा घोळ तिथंच मिटतो. सामना ‘सुरू झाला’, ‘संपला’ की त्याच दिवशी ‘झाला’? १९३२ची कसोटी शनिवारी, २५ जूनला सुरू झाली. रविवारी विश्रांती, मग २७ आणि २८ला खेळ. भारत १५८ धावांनी हरला तो २८ला. म्हणून २५च्या फलकावर निकाल नको, त्या सकाळचा खेळ हवा : महंमद निसारने सटक्लिफ आणि होम्स या दोन्ही सलामीवीरांचे त्रिफळे उडवले, वुली धावबाद झाला आणि इंग्लंडची अवस्था ३ बाद १९! पहिल्यावहिल्या कसोटीची आपली सुरुवात अशी होती, हे मुलांना कळलंच पाहिजे.

८३चं ती घरी ऐकतातच. भारत १८३, वेस्ट इंडीज १४०, एवढं पुरे. डाव ६० षटकांचे होते हे मात्र लिहा. नाहीतर आपला संघ ५४.४ षटकांत बाद झाला हे वाचून कुणीतरी नक्की विचारेल, पन्नासनंतर खेळले कसे?

फुटबॉलसाठी २५ जून १९७८, ब्यूनस आयर्स. विश्वचषक फायनलमध्ये अर्जेंटिनाने नेदरलँड्सला ३-१ असं हरवलं. केम्पेसचे दोन गोल. १-१ असताना अगदी शेवटच्या मिनिटाला नेदरलँड्सच्या रेन्सेनब्रिंकचा फटका खांबाला लागून परत आला, म्हणून सामना जादा वेळेत गेला. इथं घड्याळ सांभाळा. तिथले दुपारचे तीन म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. सामना संपला तेव्हा गोव्यात २६ तारीख लागली होती. फलकावर नेहमी मैदानावरचीच तारीख धरा.

जुन्या वर्तमानपत्रांवरून पडताळताना अंकाची तारीख उतरवून घेऊ नका, बातमीच्या सुरुवातीला छापलेली तारीख पाहा. आदल्या दिवसाचा खेळ दुसऱ्या दिवशीच्या अंकात येतो. ७८ची ही फायनल २६च्या अंकात सापडली नाही, तर २७चा काढा.