नोटीस बजावली गेली, तरच कायदा तिच्यापर्यंत पोहोचतो

नवऱ्याची किंवा सासरच्या पुरुषांची मारहाण सोसणाऱ्या स्त्रियांसाठी असलेल्या सरकारी सेवा सुधारायच्या, तर सुरुवात कोठून करावी, असे आपण विचारले आहे. मी महाराष्ट्रातील एका जिल्ह्यात बरीच वर्षे समुपदेशक होते, आणि माझ्या मते नव्या योजनेआधी संरक्षण अधिकाऱ्याचे पद बळकट करावे.

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याने या पदावर मोठा भार टाकला आहे. घटनेचा अहवाल दंडाधिकाऱ्यांना देणे, वैद्यकीय तपासणी, निवारा आणि मोफत वकील मिळवून देणे, शिवाय न्यायालयाची नोटीस शक्यतो दोन दिवसांत बजावणे, ही सारी त्याचीच कामे. पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांत व्हावी आणि त्यानंतर साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असेही कायदा म्हणतो. प्रत्यक्षात मी पाहिलेल्या कित्येक प्रकरणांत नोटीस ‘पत्त्यावर आढळला नाही’ असा शेरा घेऊन परत आली, तारीख पुढे गेली, आणि तोवर माहेरी राहिलेल्या बाईला भावजयीच्या चेहऱ्यावरून आपण किती दिवस झाले इथे आहोत हे कळू लागले. दोष एकट्या अधिकाऱ्याचा नसतो. अतिरिक्त कार्यभार सांभाळणाऱ्या, वाहन नसलेल्या माणसाने तालुकाभर फिरायचे तरी कसे? म्हणून पूर्णवेळ नेमणूक, वाहन, बजावणीसाठी पोलिसांची साथ आणि न बजावलेल्या नोटिसांचा दरमहा जिल्हास्तरावर आढावा, एवढे झाले तरी फरक दिसेल.

दुसरी गोष्ट रुग्णालयांची. पोलीस ठाण्याची पायरी चढायला कचरणारी बाई हात मोडल्यावर दवाखान्यात येतेच. सोबत सासू असेल तर ‘घसरून पडले’ म्हणते. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने ‘दिलासा’ हे केंद्र सुरू केले, ते हेच ओळखून. तिला एकटीला बाजूला घेऊन विचारण्याची सवय परिचारिकांना लावणे हे तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातही अशक्य नाही.

हिंसा सोसलेल्या स्त्रीला एकाच छताखाली मदत आणि तात्पुरता आसरा देणाऱ्या सरकारी ‘सखी’ केंद्रातील मुक्काम साधारण पाच दिवसांचा असतो, त्यामुळे पुढच्या निवाऱ्याची सोय त्याच पाच दिवसांत व्हायला हवी.

एक गोष्ट मला आजही खटकते. आमच्या नोंदवहीत ‘समझोता’ झालेले प्रकरण यशस्वी धरले जाई. बाईला नांदायला पाठवली की फाईल बंद. ती तीन महिन्यांनी पुन्हा आली, तर नवे प्रकरण, नवा क्रमांक, आणि तीच हकीकत नव्या माणसापुढे पहिल्यापासून! परत गेलेल्या प्रत्येकीची ठरावीक काळाने चौकशी व्हावी, आणि तीही नवऱ्याच्या फोनवरून नव्हे.

आपण हे एखाद्या ओळखीच्या स्त्रीसाठी विचारत असाल, तर तिला सांगा की संरक्षण अधिकाऱ्याची वाट पाहणे बंधनकारक नाही. ती थेट दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकते. तालुका विधी सेवा समितीकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अर्जासोबतच शपथपत्र जोडून अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता आदेश मागावा. तो दुसऱ्या बाजूच्या गैरहजेरीतही देता येतो.