परसात तळं असलेलं घर अमेरिकेत घेताना विम्याचं काय?

परसात तळं असलेलं घर पसंत पडलंय, तर नेहमीचा होम इन्शुरन्स पुरेल का, असं तुम्ही विचारलंय. आहे तसा घेतलात तर बहुधा नाही. क्लोजिंगच्या, म्हणजे घराचा व्यवहार पूर्ण होण्याच्या, आधीच याचा सोक्षमोक्ष लावा.

इथली सर्वसाधारण पॉलिसी म्हणजे एचओ-३. ती इमारत आणि सामान सांभाळते. जमीन, तळ्यातलं पाणी, मासे तिच्यात येत नाहीत. तळं फुगून पाणी बेसमेंटमध्ये शिरलं तर तेही नाही. त्याला पुराचा वेगळा विमा लागतो, आणि सरकारी योजनेतला विमा घरकर्जासोबत घेतला नसेल तर सहसा ३० दिवसांनी लागू होतो.

पण तळ्याची खरी जोखीम लायबिलिटीची, म्हणजे दुसऱ्याला झालेल्या इजेच्या कायदेशीर जबाबदारीची. कुणाला इजा झाली आणि दावा लागला, तर वकील आणि भरपाई याच पॉलिसीतल्या ‘कव्हरेज ई’ या भागातून मिळते. तिथे बऱ्याचदा १ लाख डॉलरच लिहिलेले असतात. बुडता बुडता वाचलेल्या मुलाच्या उपचारांपुढे ही रक्कम काहीच नाही. ती ५ लाख करा आणि वर १० लाखांची अम्ब्रेला पॉलिसी (मूळ विम्याची मर्यादा संपल्यावर पुढची भरपाई देणारी) घ्या. अम्ब्रेलासाठी गाडीच्या विम्याची मर्यादाही वाढवावी लागते, म्हणून तिन्हींचं कोटेशन एकदमच मागा. ‘कव्हरेज एफ’ चूक कुणाची हे न पाहता पाहुण्याच्या उपचारांचे पैसे देतं, पण ते १ ते ५ हजारांपुरतंच असतं. घरात राहणाऱ्या कुटुंबीयांना यातलं काहीच मिळत नाही. सहा महिने राहायला आलेले आईबाबा पाहुणे की घरातले, यावर कंपनी वाद घालू शकते. त्यांचा वैद्यकीय विमा वेगळा काढाच.

शेजारचं मूल न विचारता आत आलं, तरी जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. याला ‘अट्रॅक्टिव्ह न्यूसन्स’ म्हणतात. नैसर्गिक तळ्याच्या बाबतीत बरीच राज्यं मालकाला सवलत देतात. खोदलेल्या तळ्यात मात्र काठालगतच एकदम खोल उतार, शेवाळलेलं प्लास्टिक लायनर किंवा पाणी ओढणारा उघडा पाइप असेल, तर ती सवलत टिकणं कठीण. नियम राज्यागणिक बदलतात, त्यामुळे तिथल्याच वकिलाला विचारा. थंडीत एअरेटर (पाण्यात हवा सोडणारं यंत्र) चालू ठेवला तर वरचा बर्फ पातळ राहतो आणि वरून कळत नाही. तिथे पाटी आणि दोर हवाच. कुंपण ४ फुटांचं, आपोआप बंद होणाऱ्या फाटकाचं घाला. पोहण्याच्या तलावासाठी इथे साधारण हाच नियम असतो. काही गावं तो तळ्यालाही लावतात.

मासेमारीसाठी कुणाकडून पैसे घेऊ नका. पैसे घेतले की तो धंदा ठरतो: पॉलिसीतून वगळला जातो, आणि फुकट येऊ देणाऱ्या जमीनमालकांना राज्याचा कायदा जे संरक्षण देतो तेही सहसा जातं.

अर्जात तळं लपवू नका. लपवल्याचं उघड झालं, तर ऐन दाव्याच्या वेळी पॉलिसी रद्द होऊ शकते. तळ्याची खोली कळवा, कुंपण आणि काठावरचा धक्का यांचे फोटो एजंटला ईमेलने पाठवा आणि ‘तळ्यासकट लायबिलिटी कव्हर आहे’ असं लेखी मागा. शिवाय प्लॅट नकाशा (वसाहतीतल्या भूखंडांच्या हद्दी दाखवणारा) पाहा: नव्या वसाहतींत असं तळं बऱ्याचदा पावसाच्या पाण्यासाठी खोदलेलं असतं. ते एचओएच्या, म्हणजे घरमालकांच्या संघटनेच्या, मालकीचं असेल तर त्यांच्या विम्याची प्रत घ्या. तुमच्या हद्दीत येत असेल तर देखभाल कुणी करायची, ते करारात शोधा.