जलपर्णीपासून बायोगॅस: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचा बायोगॅस प्लांट आहे. पवई तलावातून काढलेली जलपर्णी त्यात टाकली तर किती गॅस मिळेल? (पवई)

फार नाही, हे आधीच सांगते. ताज्या जलपर्णीत ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असते. एक टनातून कोरडा भाग निघतो साठ-सत्तर किलो आणि त्यापासून साधारण १० ते १५ घनमीटर गॅस. १४.२ किलोच्या एका सिलिंडरची बरोबरी करायला दोन-तीन टन जलपर्णी उपसावी, चिरावी लागेल. तेव्हा इंधनासाठी म्हणून हा उद्योग करू नका. पण तलाव साफ होणारच असेल तर काढलेला माल प्लांटमध्ये जायलाच हवा, असे माझे ठाम मत आहे. काठावर ढीग लावला की तो कुजून मिथेन हवेत जातो आणि पहिल्याच पावसात त्यातले नत्र-स्फुरद पुन्हा पाण्यात उतरते. त्यावरच पुढची जलपर्णी पोसते.

जलपर्णी टाकल्यापासून टाकीत वर जाड थर आला आहे, गॅसही घटला. काय चुकले? (भांडुप)

तुकडे मोठे राहिले असणार. देठ आतून स्पंजासारखे, हवेने भरलेले असतात, म्हणून ते तरंगतात आणि जिवाणूंच्या हाती लागत नाहीत. दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करा, ठेचा, मगच शेणकाल्यात किंवा चालू प्लांटच्या स्लरीत कालवून घाला. सुरुवात थोड्या प्रमाणाने करा. शिळे अन्न लवकर आंबते आणि टाकी आम्लधर्मी करते, जलपर्णी मात्र सावकाश कुजते. त्यामुळे दोन्ही मिसळून घातलेले चांगले. जलपर्णीला टाकीत निदान महिनाभर मिळायला हवा. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 'निसर्गऋण' प्लांटमध्ये कचऱ्याचा लगदा आधी गरम पाणी आणि हवा देऊन पचवतात, मग हवाबंद टाकीत सोडतात. तंतुमय मालाला ही पद्धत मानवते.

गॅसला सडक्या अंड्यांसारखा वास येतो. (मुलुंड)

तो हायड्रोजन सल्फाइड. गॅस लोखंडी किसाच्या नळीतून न्या आणि किस काळा पडला की बदला. हा वायू विषारी आहे. टाकीत कोणालाही, कोणत्याही कारणाने उतरू देऊ नका.

मिठी नदीतल्या जलपर्णीची स्लरी गच्चीवरच्या पालेभाज्यांना चालेल का? (कुर्ला)

नाही. जलपर्णी पाण्यातले शिसे, कॅडमियम, क्रोमियम शोषून घेते, मुळांत तर जास्तच. गॅस निघून जातो, धातू मात्र स्लरीतच राहतात. प्रयोगशाळेचा अहवाल हातात येईपर्यंत ती फुलझाडांनाच घाला.